लेकराच्या चाचणीचा कागद वाचायचा कसा?



या पानावर मी एरवी तुमच्याशी सोयाबीनवरच्या चक्रीभुंग्याबद्दल, हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेबद्दल बोलतो. आज विषय शाळेचा आहे. मी कृषी पदविका झालेला माणूस, मास्तर नव्हे. तरीही लिहितो आहे, कारण गेल्या पंधरवड्यात एका वस्तीवर जे पाहिले ते डोक्यातून जात नाही.

मातीच्या नमुन्यांचे कागद वाटायला गेलो होतो. चहा होईपर्यंत घरधन्याने माझ्यापुढे दोन कागद ठेवले. एक मी दिलेली मृदा आरोग्य पत्रिका आणि दुसरी शाळेतून आलेली चिठ्ठी. "साहेब, ह्ये वाचा, अन् ह्ये बी वाचा." पहिल्या कागदावर सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के, म्हणजे कमी. नत्र कमी, पालाश भरपूर. त्यांनी लगेच विचारले, "मग शेणखत किती टाकू?" दुसऱ्या कागदावर पाचवीतल्या लेकीच्या नावापुढे मराठी, गणित, इंग्रजी असे तीन विषय होते, आणि गणितापुढे ९. त्यावर प्रश्नच नव्हता, निकाल होता. "पोरगी नापास झाली. दिवाळीनंतर संगं कोयत्यावर न्यावी म्हणतो. शिकून तरी काय करणार?"

आता तुम्हीच सांगा. दोन्ही कागद तपासणीचेच. मातीत कर्ब कमी निघाला म्हणून रान नापास झाले, विकून टाका, असे कोणी म्हणत नाही. काय कमी आहे ते कळले, आता डोस ठरवू, असे म्हणतो. मग लेकराच्या कागदाला आपण दुसरा नियम का लावतो?

दोष त्या बापाचा एकट्याचा नाही. ती चिठ्ठी मी दोनदा वाचली. ९ गुण किती पैकी, ते लिहिलेले नव्हते. चाचणी कोणत्या इयत्तेच्या अभ्यासावर होती, तेही नव्हते. शिकलेल्या माणसालाही उलगडा होऊ नये असा कागद घरी आला, तर घरातले लोक त्याचा एकच अर्थ लावणार, पास की नापास.

म्हणून आधी ही चाचणी काय आहे ते पाहू. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून राज्यात तिसरी ते आठवीच्या मुलांची एकाच प्रश्नपत्रिकेवर चाचणी सुरू झाली. नंतरच्या वर्षांत इयत्ता थोड्या कमी-जास्त झाल्या. नाव 'नियतकालिक मूल्यांकन चाचणी'; मास्तर लोक तिला 'पॅट' म्हणतात. शासकीय, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत ती होते. विषय तीनच, प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी. काही भाग लेखी, काही तोंडी. पेपर वर्गावरचे शिक्षकच तपासतात आणि गुण मोबाइलवरून पुण्याच्या विद्या समीक्षा केंद्राकडे भरतात. वर्षाच्या सुरुवातीला होते ती पायाभूत चाचणी, आणि पुढे सत्राच्या शेवटी होतात त्या संकलित.

आता नीट लक्षात घ्या. पायाभूत चाचणी मागच्या इयत्तेच्या अभ्यासावर असते. म्हणजे पाचवीतल्या त्या मुलीला विचारले ते चौथीचे. पेरणीआधी रानात काय शिल्लक आहे ते पाहावे, तसा हा प्रकार आहे. यात पास नाही आणि नापासही नाही. या गुणांवर कोणाचे वर्ष जात नाही. कोणत्या लेकराला कुठून शिकवायला सुरुवात करायची, हे मास्तरांना कळावे एवढ्यासाठी ती आहे.

मग गावात नापासाची भाषा आली कुठून? तीही अगदी हवेतून आलेली नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला तेव्हा आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवायचे नाही असे ठरले होते. २०१९ साली कायद्यात दुरुस्ती झाली, आणि आपल्या राज्याने २०२३ साली निर्णय घेऊन पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा लावली. ती पहिल्यांदा २०२३-२४ च्या अखेरीस झाली. पाचवीला विषयाला ५० गुण, आठवीला ६०. पास व्हायला ३५ टक्के लागतात, म्हणजे पाचवीला १८ आणि आठवीला २१. कमी पडले तर शाळेने जादा मार्गदर्शन करून पुन्हा परीक्षा घ्यायची असते. तिथेही जमले नाही तरच मूल त्याच वर्गात राहते. आणि प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही लेकराला शाळेतून काढता येत नाही. मुख्याध्यापकांनाही तो अधिकार नाही.

पावसाळ्यातली पायाभूत चाचणी आणि उन्हाळ्यातली पाचवी-आठवीची परीक्षा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाल्यामुळेच त्या वस्तीवर कोयत्याचा विषय निघाला.

प्रगतिपत्रकावर गुणांऐवजी अ-१, ब-२, क-१ अशा श्रेणी असतील तर त्यांचाही हिशेब सांगतो. २०१० पासून ही पद्धत आली. अ-१ म्हणजे ९१ च्या वर, अ-२ म्हणजे ८१ ते ९०. असे दहा-दहाने उतरत क-२ म्हणजे ४१ ते ५०. ड म्हणजे ३३ ते ४०. त्याखाली इ-१ आणि इ-२. इ दिसला की लेकराला जादा शिकवणे लागणार असे समजा आणि शाळेत जा.

शाळेत जाऊन काय मागायचे? गुण मागू नका, पेपर मागा. हे मी स्वतः ठेच खाऊन शिकलो आहे. माझा मुलगा चौथीत असताना गणितात असाच खाली आला. मी घरी आरडाओरडा केला आणि दुसऱ्या दिवशी त्याला शिकवणी लावली. तीन महिने तो पाढे घोकत होता. पुढच्या चाचणीत फरक काही पडेना. मग एक दिवस शाळेत जाऊन पेपर पाहिला. उभी मांडणी केलेली बेरीज-वजाबाकी सगळी बरोबर होती. शाब्दिक उदाहरणे मात्र सगळी कोरी! पोराला गणित येत होते, उदाहरणातले चार ओळींचे मराठी वाचून समजत नव्हते. मी पाढ्यांचे पैसे भरत होतो आणि दुखणे वाचनात होते.

यात मला जास्त लाज वाटली, कारण हीच चूक करू नका म्हणून मी तुम्हाला वर्षानुवर्षे सांगत आलो आहे. चुनखडीच्या रानात ऊस पिवळा पडला की आपले लोक युरिया फेकतात. वर कितीही युरिया टाका, कमतरता लोहाची असेल तर हिराकसाची फवारणी केल्याशिवाय पान हिरवे होत नाही. पिवळेपणा सगळ्यांना दिसतो, कारण शोधावे लागते. कमी गुणांचेही तसेच आहे. आता मुलगा रोज संध्याकाळी वीस मिनिटे मोठ्याने वाचतो. अजून अडखळतो, पण शाब्दिक उदाहरण कोरे सोडत नाही.

"आम्हाला वाचता येत नाही, पेपर बघून काय कळणार?" असे काही जण म्हणतील. मास्तरांना एवढेच विचारा, "याचे कोणते प्रश्न चुकले? ते सगळे एकाच जातीचे आहेत का? त्यासाठी तुम्ही काय करणार, आणि आम्ही घरी काय करू?" चांगल्या मास्तराला असे विचारणारा पालक आवडतो. नाही आवडला तरी विचारा.

घरीही अंदाज घेता येतो. 'प्रथम' ही संस्था २००५ पासून 'असर' नावाची पाहणी करते. त्यात खेड्यापाड्यांतल्या मुलांना घरी जाऊन तपासतात, आणि ती पद्धत फार साधी आहे. आधी अक्षरे, मग सुटे शब्द, मग सोप्या चार ओळी, मग दुसरीच्या पुस्तकाच्या तोडीची छोटी गोष्ट. लेकरू कुठे अडते ते पाहायचे. गणितात आकडे ओळखणे, मग हातच्याची वजाबाकी, मग तीन अंकी संख्येला एका अंकाने भागणे. तुमच्याकडे दुधाची पावती असते. लिटर, फॅट आणि रक्कम पोराला वाचायला सांगा. दहा दिवसांचे दूध किती झाले ते काढायला लावा. आईने भाकरी थापता थापता ऐकले तरी कुठे अडखळते ते तिला बरोबर समजते.

अजून एक. नमुना चुकला की अहवाल चुकतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याच्या जागेची माती पाठवली तर त्या कागदाला अर्थ नाही. एका दिवसाची चाचणी हाही नमुनाच आहे. त्या दिवशी लेकराला ताप असेल, आदल्या आठवड्यात ते शाळेतच नसेल, तर गुण तेवढ्यापुरतेच. तांड्यावर घरी गोरमाटी बोलणाऱ्या लेकराला पहिली काही वर्षे पुस्तकी मराठी परकीच असते. त्याचे गुण भाषेने खाल्ले की समज नसल्याने, हे मास्तरांनी त्याच्याशी बोलूनच ठरवावे लागते. म्हणून एका कागदावर काही ठरवू नका. वर्षातले सगळे कागद एका पिशवीत ठेवा आणि लेकरू कोणत्या बाजूला सरकते आहे ते बघा.

आता दोन शब्द सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांसाठी. काही गावांत आता शाळांच्या सरासरीची चर्चा चावडीवर होते. अमक्या वाडीची शाळा पुढे, तमकी मागे. हिशेब करून पाहा. वर्गात सात मुले आहेत. सहा जणांना ६५ टक्के आणि एकाला ३० टक्के. सरासरी ६० येते. ते एक लेकरू चाचणीच्या दिवशी घरी राहिले की सरासरी ६५! शाळा काही सुधारली नाही, मागे पडलेले लेकरू मोजायचे राहिले, एवढेच. सरासरीवरून मास्तरांना झापायला लागलात तर अशी लेकरे चाचणीच्या दिवशी घरी राहतील, हे मी लिहून देतो. सरासरीआधी हजेरी विचारा.

४ डिसेंबर २०२४ रोजी देशभर तिसरी, सहावी आणि नववीच्या निवडक शाळांत 'परख' सर्वेक्षण झाले. ते जिल्ह्याचे आणि राज्याचे चित्र पाहण्यासाठी होते. त्यावरून तुमच्या लेकराचे काही ठरत नाही, एवढे माहीत असले तरी पुरे.

कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के पालक असावे लागतात, आणि निम्म्या महिला. बहुतेक ठिकाणी बैठक म्हणजे खिचडीचा तांदूळ, वर्गाची गळती आणि रजिस्टरवर सह्या. त्याच बैठकीत एक विषय वाढवा. चाचणीत मागे राहिलेली लेकरे किती, त्यांना जादा वेळ कोण देतो, कोणत्या वारी देतो. नावे चारचौघांत वाचू नका. आकडा पुरे.

आणि आपल्या बीड जिल्ह्यात हा विषय ऊसतोडीशिवाय पुरा होत नाही. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. नेमक्या त्याच महिन्यांत वर्षाचा मोठा अभ्यास होतो. फडावर गेलेल्या लेकराचे गुण कमी आले तर त्यात त्याच्या बुद्धीचा काय संबंध? मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे, पण त्याची मागणी समितीने टोळ्या निघायच्या आधी करावी लागते. मूल नेणेच भाग असेल तर शाळेतून शिक्षण हमी पत्रक घ्या. ते दाखवून कारखान्याजवळच्या शाळेत बसवता येते. गाडीत भांडीकुंडी भरताना हा कागद आठवणीने वर ठेवा.

त्या वस्तीवरच्या मुलीबद्दल सांगायचे राहिले. दोन दिवसांनी मी तिच्या वडिलांबरोबर शाळेत गेलो. बाईंनी पेपर काढून दिला. तोंडी गणित चांगले होते. भागाकार आणि अपूर्णांक मात्र सगळे चुकले होते. बाई म्हणाल्या, "चौथीत हे शिकवले तेव्हा ही गावात नव्हतीच." हजेरीचे रजिस्टर उघडले. त्या वर्षी नोव्हेंबर ते मार्च सगळी रकाने लाल. वडील बराच वेळ त्या पानाकडे बघत बसले. बाई आता शाळा सुटल्यावर अर्धा तास तिला आणि आणखी तिघांना भागाकारासाठी थांबवतात. आजी घरी राहायला तयार आहे, पण तिला दिसत नाही, त्यामुळे तिच्या एकटीच्या भरवशावर ठेवता येत नाही. वसतिगृहाचा विषय सोमवारच्या समितीच्या बैठकीत घेतो, असे मुख्याध्यापकांनी सांगितले आहे. मुकादमाकडून उचल अजून घेतलेली नाही, असे वडील परवा सोयाबीनच्या खळ्यावर मला म्हणाले.