मातेचा लठ्ठपणा आणि नवजाताची प्रतिकारशक्ती

भारतातील माता-बाल आरोग्याची धोरणे आजवर प्रामुख्याने कुपोषित मातेला नजरेसमोर ठेवून आखली गेली. अशक्त माता आणि कमी वजनाचे बाळ हे चित्र आजही पुसले गेलेले नाही; मात्र त्याच्या शेजारी दुसरे चित्र उभे राहिले आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१५-१६ मध्ये देशातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे २१ टक्के महिला स्थूल वा अतिवजनाच्या होत्या. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण २४ टक्क्यांवर गेले. महाराष्ट्रात तर याच पाहणीत प्रमाणापेक्षा कमी वजनाच्या महिलांहून अधिक वजनाच्या महिलांची संख्या जास्त आढळली.

गरोदरपणातील लठ्ठपणामुळे मधुमेह, उच्च रक्तदाब आणि सिझेरियनची शक्यता वाढते, हे आता सर्वपरिचित आहे. बाळाच्या प्रतिकारशक्तीवर होणाऱ्या परिणामांची चर्चा मात्र क्वचितच होते.

शरीरातील चरबी म्हणजे केवळ साठवलेली ऊर्जा नव्हे. ती वाढली की दाह निर्माण करणारी रसायने रक्तात सतत झिरपत राहतात. गर्भाच्या रोगप्रतिकारक पेशींची जडणघडण याच वातावरणात होते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील संशोधकांनी सहकाऱ्यांसह बाळांच्या नाळेतील रक्ताची तपासणी केली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, लठ्ठ मातांच्या बाळांच्या काही प्रतिकारक पेशी जिवाणूंच्या घटकांना क्षीण प्रतिसाद देत असल्याचे आढळून आले. अशा बाळांना संसर्गाचा धोका अधिक राहील आणि लसींचा परिणाम कमी होईल, अशी शंका त्यातून पुढे आली. अभ्यास लहान होता आणि निरीक्षणे प्रयोगशाळेतील होती. त्यामुळे लस निरुपयोगी ठरते, असा अर्थ काढणे सर्वस्वी चुकीचे ठरेल. उलट जन्मताच द्यावयाची बीसीजी, पोलिओ व कावीळ-ब प्रतिबंधक लस आणि सहाव्या आठवड्यापासूनच्या मात्रा वेळेवर देणे अशा बाळांसाठी अधिकच निकडीचे आहे.

स्तनपानाचा मुद्दाही याच्याशी निगडित आहे. पहिल्या चिकातून बाळाला संरक्षक प्रतिपिंडे मिळतात. लठ्ठ मातांना दूध उतरण्यास विलंब होण्याची शक्यता अधिक असते, शिवाय सिझेरियनमुळे पहिले स्तनपान लांबते. प्रसूतिगृहात या मातांना जादा मदत मिळायला हवी.

भारतीयांच्या बाबतीत केवळ वजनकाट्यावर विसंबून चालत नाही. पुण्याजवळील सहा खेड्यांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांना असे दिसले, की सरासरी २.७ किलोची येथील बाळे इंग्लंडमधील बाळांपेक्षा बरीच हलकी असूनही त्यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक होते. भारतीयांसाठी लठ्ठपणाची मर्यादा ३० ऐवजी २५ बॉडी मास इंडेक्स धरण्याची शिफारस २००९ मध्ये झाली, तीही याच स्वरूपाच्या कारणांमुळे.

तरीही 'दोन जिवांची आहेस, दोघांचे खा' हा सल्ला घरोघरी सरसकट दिला जातो. अमेरिकेतील २००९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सामान्य वजनाच्या गर्भवतीचे वजन ११.५ ते १६ किलोने वाढणे अपेक्षित आहे. लठ्ठ गर्भवतीसाठी ही वाढ केवळ ५ ते ९ किलो आहे. सर्वांना एकच सल्ला लागू पडत नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

अर्थात, गरोदरपणी उपासमार करून वजन घटवणे हा यावरील उपाय नव्हे. देशातील निम्म्याहून अधिक गर्भवती रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. लठ्ठपणा आणि रक्तक्षय एकाच शरीरात नांदू शकतात. खरी संधी गर्भधारणेपूर्वी असते आणि यंत्रणेची उणीव नेमकी तेथेच आहे. दरमहा ९ तारखेला होणारे प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान २०१६ पासून सुरू आहे, परंतु ते गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून पुढच्या महिलांसाठी आहे. नवविवाहितेची उंची, वजन आणि हिमोग्लोबिन तपासण्याची सोय प्राथमिक आरोग्य केंद्रातच झाली, तर मातेला दोष न देताही बाळाचे हित साधता येईल.