‘अशक्तपणा आलाय, बाकी काही नाही’

आरोग्य शिबिरात बाई खाली बघत सांगते, ‘अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते, अशक्तपणा आलाय.’ लोहाच्या गोळ्या मिळतात. पुढच्या शिबिरात तीच बाई, तेच दुखणे.

गोव्यात मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तक्रारीचा माग घेतला. 2494 बायकांशी बोलून जंतुसंसर्गाच्या तपासण्याही केल्या. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पांढरे जाण्याच्या तक्रारीचा मनावरच्या ताणाशी ठळक संबंध दिसला. (संसर्ग असेल तर औषध हवेच. ‘मनाचे खेळ’ म्हणून बाईला परत पाठवायला आणखी एक निमित्त नको.) पुढच्याच वर्षी त्यांनी बायकांचे मानसिक आजार कशाशी जोडलेले आहेत तेही मांडले: नवऱ्याची लैंगिक जबरदस्ती, वैधव्य किंवा विभक्त होणे, घरातल्या निर्णयात स्थान नसणे, घरच्यांचा आधार नसणे. यादी आपल्याला नवी नाही. केंद्रावर येणाऱ्या बायका ती रोज सांगतात. नवे इतकेच, की ती आता वैद्यकीय नियतकालिकात छापली गेली.

विदर्भात शेतकरी आत्महत्येनंतर मागे राहिलेल्या बाईला मदतीचा धनादेश मिळाला का, हे सगळे विचारतात. झोप लागते का, हे कोणी विचारत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ कार्यक्रमाने ते विचारले. नागपूरची ‘प्रकृती’ संस्था त्यात होती. गावपातळीवरचे कार्यकर्ते लोकांशी बोलत. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत पोहोचणारे शंभरात 4 होते, दीड वर्षात ते 27 झाले. म्हणजे 73 अजून बाहेरच.

सातबारा, कर्ज, कापसाचा भाव हे लढे ओट्यावरच्या गप्पांनी सुटत नाहीत, हे खरेच. पण आपण तरी कुठे वेळ ठेवला? मागच्या बैठकीत ठराव झाले, मोर्चाची तारीख ठरली. एक बाई शेवटपर्यंत चहाचे कप विसळत थांबली होती. ‘काय झालं?’ विचारले, तर म्हणाली, ‘काही नाही ताई, असंच.’ आम्हाला बस गाठायची होती. ती त्यानंतर आलेली नाही. या आठवड्यात तिच्या घरी जाणार आहोत.

आपल्या शिबिरांच्या नोंदवहीत हिमोग्लोबिनचा रकाना आहे. त्याशेजारी आणखी एक आखा: ‘मनातलं बोलायला कोणी आहे का?’ काय उत्तरे येतात, ते पुढच्या अंकाआधी कळवा.