‘स्वतंत्र’ कोण?

बिर्ला घराण्याची पोरगी गायला लागली तेव्हा पेपरवाले हरखून गेले. अनन्या बिर्ला, कुमार मंगलम बिर्लांची लेक. 2016 साली पहिलं इंग्रजी गाणं, तेही युनिव्हर्सलसारख्या जागतिक कंपनीकडनं. ह्याला म्हणायचं स्वतंत्र संगीत! त्याआधीच तिनं ग्रामीण बायांना छोटी कर्जं देणारी कंपनी काढलेली. नाव काय? स्वतंत्र मायक्रोफिन. 2023 मध्ये ती ग्रासिमच्या संचालक मंडळावर बसली. मे 2024 मध्ये जाहीर केलं, धंदा आणि गाणं दोन्ही झेपत नाही, गाणं सोडते. सोडलं. घरातली चूल विझली नाही.

तिच्या गळ्याशी माझं भांडण नाही. गावं की खुशाल. भांडण आहे ते ‘स्वतंत्र’ ह्या शब्दाशी. बापजाद्यांची तिजोरी पाठीशी असली की कुणीही स्वतंत्र होतो, आणि कंटाळा आला की मोकळाही होतो.

सिन्नरच्या देशवंडीत 1922 ला जन्मलेल्या वामनदादा कर्डकांना सुटता आलं असतं? ते गावोगाव बाबासाहेब गात फिरले. 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी गोळ्या घालून दहा माणसं मारली, आणि चार दिवसांनी विलास घोगरेनं गळफास घेतला. 2020 मध्ये कबीर कला मंचाच्या सागर गोरखे, रमेश गायचोर, ज्योती जगतापला यूएपीएखाली उचललं. आमच्यात गाणं सुटतं ते असं.

आणि धंदा म्हणाल तर तो आमच्याच जिवावर. चौदा एप्रिलला आमच्या लोणी देवकरात स्पीकरच्या भिंती उभ्या राहतात. एमआयडीसीत कंत्राटावर राबणारी पोरं वर्गणी काढतात. पैसा डीजेवाल्याला, कंपनीला, यूट्यूबला. लिहिणाऱ्याला शाल अन् नारळ!

आमच्या वस्तीतला एक पोरगा मोबाईलवर गाणी करतो. शब्द त्याचे, चाल त्याची. परवा एका चॅनेलवाल्यानं त्याच्यापुढं कागद टाकला : एकरकमी पैसे घे, सगळे हक्क कायमचे आमचे. पोरगा मला म्हणतो, “दादा, नाव तर होईल ना!”

अरे बाबा, 2012 साली कॉपीराइटचा कायदा बदललाय. गाणं विकलं तरी लिहिणाऱ्याचा आणि चाल लावणाऱ्याचा रॉयल्टीचा हक्क विकता येत नाही. निम्मा वाटा त्यांचा. उलट अट लिहून घेतली तरी ती कायद्यानं टिकत नाही. बाबासाहेबांनी आपल्याला कायदा वाचायला शिकवलं, आणि आपण अंगठा उठवायचा?

कागद मी ठेवून घेतलाय. चॅनेलवाल्यानं यावं आणि न्यावा.