सोडण कचऱ्यात का जावे?

रत्नागिरीहून काजळीच्या खाडीवरचा पूल ओलांडला की भाट्ये लागते. समुद्राला लागून सुरूचे बन, पुढे झरी विनायकाचे देऊळ आणि कोकण कृषी विद्यापीठाचे १९५५ पासूनचे नारळ संशोधन केंद्र. अशा गावात कचऱ्याचा विचार नारळापासूनच सुरू व्हायला हवा. किनारा स्वच्छतेचा विषय निघाला की सगळ्यांचे बोट प्लास्टिककडे जाते. ते चुकीचे नाही. राज्याची २०१८ ची बंदी आणि १ जुलै २०२२ पासूनची देशव्यापी बंदी यांनंतरही पिशवी काही हटलेली नाही. पण नारळाच्या गावात जागा अडवतात ती शहाळी, सोडणे आणि झावळ्या. शहाळे पाच मिनिटांत पिऊन होते आणि त्याच्या वजनाचा बहुतेक भाग मागे पडून राहतो.

कोकणातल्या जुन्या घराला हा प्रश्न पडत नव्हता. झावळ्यांची झापे विणली जात, हिरांचे खराटे होत, सोडण आणि करवंटी न्हाणीतल्या चुलीत जाई. मग गॅस आला, गिझर आले, छपरावर सौर बंब बसले. बायकांच्या डोळ्यांतला आणि छातीतला धूर गेला, हे फार चांगले झाले. त्या धुराकडे परत जायचे काहीच कारण नाही. मात्र रोज टोपलीभर सोडणे खाणारी ती चूल विझली, तेव्हा त्या सोडणांचे पुढे काय करायचे हे कोणी ठरवले नाही. स्वच्छ इंधन घरात आले आणि कालचे जळण परसात कचरा होऊन साठले. ऊर्जा आणि कचरा हे दोन विषय आपण दोन वेगळ्या खात्यांत टाकतो, तिथेच आपली गफलत होते.

नारळ नैसर्गिक आहे, आपोआप कुजेल, असे म्हणणारे बरेच भेटतात. सोडणात लिग्निन भरपूर असते, त्यामुळे ते सावकाश कुजते. तोवर त्याच्या पोकळीत पावसाचे पाणी साचते आणि डेंग्यू पसरवणाऱ्या डासांना तेवढे पाणी पुरते. ढीग पेटवून देणे ही दुसरी सोपी वाट. पण उघड्यावर कचरा जाळायला घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनीच मनाई केली, आणि जाळण्यात मालही फुकट जातो. माडांच्या दोन ओळींमध्ये चर खणून, पोकळ बाजू वर ठेवून सोडणांचे थर लावले आणि वर माती ओढली, तर ते पावसाचे पाणी धरून ठेवतात, हळूहळू पालाशही देतात. हा गुण पाचसात वर्षे टिकतो. या कामाला ना यंत्र लागते ना वीज. उरलेली सोडणे फोडून काथ्या निघतो. त्यातला भुसा धिंगरी अळिंबीच्या साहाय्याने कुजवला की रोपवाटिकेला उत्तम खत मिळते. हे शिकायला दूर कुठे जायला नको, जाणकार गावातच आहेत.

वीज करायचीच तर एखादा मोठा प्रकल्प आणा, सगळा कचरा त्यात जाळा, असाही आग्रह धरला जातो. आपला मिश्र कचरा ओला असतो. त्यातले पाणी वाळवण्यातच बरीचशी उष्णता खर्ची पडते. त्यापेक्षा हॉटेलांतले उष्टे आणि मासळीची घाण बायोगॅसकडे, करवंट्या बंद भट्टीत कोळशाकडे, अशी वाटणी शहाणपणाची. तंत्र आपल्याच राज्यात तयार झाले आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राचे ‘निसर्गऋण’ हे बायोगॅस संयंत्र आहे. पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेला शेतातल्या पाचटापासून कोळसा करण्यासाठी २००२ मध्ये आणि खरकट्यावर चालणाऱ्या छोट्या बायोगॅस संयंत्रासाठी २००६ मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाले.

सगळ्यात वजनदार आक्षेप पैशांचा आणि माणसांचा आहे: एवढ्याशा गावाला हे झेपेल का? वेंगुर्ल्याचे उदाहरण पाहावे. रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना तिथल्या नगरपरिषदेने घरोघरी वर्गीकरण करायला लावले, बायोगॅस आणि कांडीकोळसा सुरू केला, प्लास्टिक रस्त्यांत वापरले, आणि नाक धरून जावे लागणारा डेपो लोक तिकीट काढून पाहू लागले. वेंगुर्ल्याला नगरपरिषद आहे, भाट्ये हे गाव आहे, हा फरक मान्य. म्हणूनच सोडणे फोडणारे यंत्र एकट्या गावाने घेऊ नये. किनाऱ्यावरच्या चारपाच गावांनी मिळून ते फिरते ठेवावे. निधीचे म्हणाल तर पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखून ठेवला होता. अशा पैशातून घंटागाडी घेतली जाते, पण गाडीतला माल उतरवायचा कुठे याचा विचार मागे पडतो. माझ्या मते आधी ती जागा ठरावी, गाडी नंतर.

आणि एक काम तर आजच होण्यासारखे आहे. शहाळे विकणाऱ्यांनी रिकामे शहाळे कोयत्याने चार फाका करूनच टाकावे, म्हणजे पाणी साचणार नाही आणि ते लवकर वाळेल. गिऱ्हाइकानेही ते प्लास्टिकच्या डब्यात न टाकता विक्रेत्याच्या हातात परत द्यावे.