पार्ट मिळत नाही म्हणे!

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. "पार्ट मिळत नाही" हे वाक्य जुन्या मोटारींच्या हौशी मालकांकडून आणि त्यांच्या गॅरेजवाल्यांकडून ऐकून ऐकून कान किटले. आणि मिळत नाही कोणता पार्ट, तर कार्बोरेटरचा फ्लोट!

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी (ताई, हे तुझ्यासाठी): गच्चीवरच्या टाकीत बॉल कॉक असतो ना, तोच प्रकार. कार्बोरेटरच्या वाटीत एक पोकळ पितळी डबी पेट्रोलवर तरंगते. पेट्रोल वाढलं की ती वर येते आणि सुईसारखी झडप मिटते. डबीला बारीक छिद्र पडलं की आत पेट्रोल शिरतं, ती बुडते, झडप उघडीच राहते आणि पेट्रोल बाहेर वाहतं. खाली गरम इंजिन. पुढचं सांगायला नको.

फोर्डच्या मॉडेल ए गाड्या १९२७ ते १९३१ या काळात सुमारे ४८ लाख निघाल्या. त्यांचे सुटे भाग अमेरिकेत आजही नवे बनतात. ज्या गाड्या थोड्याच उरल्या त्यांचा फ्लोट कोण काढणार? तो करूनच घ्यावा लागतो. पण आमचे लोक करून घेत नाहीत. भलत्याच गाडीचा कार्बोरेटर बसवतात आणि वरून बॉनेट चकाचक पॉलिश करतात. माझ्या भाच्यालाही एका गॅरेजात हाच सल्ला मिळाला.

अहो, ही काय अंतराळयानाची गोष्ट आहे? पातळ पितळी पत्र्याच्या दोन वाट्या साच्यावर दाबायच्या, कड एकमेकींत बसवायची, डाख द्यायचा. एक बारीक छिद्र मुद्दाम ठेवायचं, नाहीतर आतली तापलेली हवा ओला डाख फोडून बाहेर येते. डबी निवली की ते शेवटी बुजवायचं. मग गरम पाण्यात बुडवून बघायचं, बुडबुडा आला की गळती कुठे ते कळतं. (जुनीच डबी दुरुस्त करत असाल तर आधी आतलं पेट्रोल पूर्ण काढा. वाफ राहिली आणि वर तापवलं, तर डबी तोंडावर फुटेल.)

खरी गोम वजनात आहे आणि तिथेच घाई नडते. समजा डबीचं आकारमान ३० घनसेंटिमीटर. तेवढ्या पेट्रोलचं वजन साधारण २२ ग्रॅम. डबी १५ ग्रॅमची असेल तर वर उचलायला ७ ग्रॅम उरतात. कुणी ढेकळासारखा ३ ग्रॅम डाख थापला की राहिले ४! डबी खोल बसते, वाटीत पेट्रोलची पातळी वाढते, गाडी काळा धूर ओकते आणि मालक म्हणतो, "जुनी गाडी, अशीच चालायची." नाही हो, अशी नव्हती चालत. आर्किमिडीज आपण सातवी-आठवीत शिकलो तो फक्त पेपरात लिहायला का?

पुण्यात तांबट आळी आहे. तिथे पिढ्यान्‌पिढ्या तांब्या-पितळेचा पत्रा ठोकणारे हात आहेत, आणि त्याच शहरात या गाड्या झाकून ठेवलेल्या आहेत. दोघांची गाठ कुणी घालून देत नाही. कारागिराला जुनी डबी, वजनकाटा आणि पुरेसा वेळ द्या, एवढंच मागणं आहे. आणि योग्य मजुरी द्या! क्रोमच्या बंपरला पैसे मोजताना हात आखडत नाही, मग इथेच का?

त्याहून जुन्या गाड्यांत, उदाहरणार्थ शेबलर कार्बोरेटरमध्ये, फ्लोट बुचाचा असे आणि अशा फ्लोटना लाखेचा लेप देत. लाख स्पिरिटमध्ये विरघळते हे फर्निचरला पॉलिश मारणाऱ्या कोणालाही विचारा. इथेनॉल म्हणजे दुसरं काय! २०२५ पासून आपल्याकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल सर्रास मिळतं. लेप गेला की बूच पेट्रोल पिऊन जड होतं. म्हणजे "मूळचाच आहे" म्हणून जपलेला बुचाचा फ्लोटही आता तसाच ठेवून भागणार नाही. इथेनॉलला दाद न देणारा लेप लावा, नाहीतर पितळी डबी करून घ्या. पण तिची उचल मोजूनच!

२०२१ साली केंद्र सरकारने ५० वर्षांवरच्या मोटारींसाठी 'व्हिंटेज' ही वेगळी नोंदणी आणली. अट अशी, की चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार नकोत. तेव्हा हौशी मंडळींनी टाळ्या वाजवल्या. त्यातले किती जण दुसऱ्याच गाडीचा कार्बोरेटर लावून रॅलीत मिरवतात, ते परीक्षकांनी पुढच्या खेपेला बॉनेट उघडायला लावून जरूर बघावं.