कुलूप कशाची ग्वाही देते?

वेबसाइटचे सुरक्षा प्रमाणपत्र हा एक दाखला आहे, आणि कोणताही दाखला त्यावर जेवढे लिहिले आहे तेवढ्याचीच ग्वाही देतो. या दाखल्यावर मुख्यतः असते डोमेनचे नाव, त्या नावाला जोडलेली सार्वजनिक किल्ली, मुदत आणि देणाऱ्या संस्थेची सही. धारणी तालुक्यातल्या एखाद्या ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला माणूस कुठे राहतो ते सांगतो. तो उधारी फेडतो की नाही, हे त्यावरून कोणी ठरवत नाही. वेबसाइटच्या बाबतीत मात्र तसे सर्रास ठरवले जाते. पत्त्याच्या पट्टीत कुलूप दिसले की साइट खरी, असा समज पसरला आहे.

तो चुकीचा का, हे दाखला मिळण्याच्या रीतीवरूनच कळते. वेबसाइट चालवणारा आधी आपल्या सर्व्हरवर किल्ल्यांची जोडी तयार करतो. खाजगी किल्ली तिथेच राहते. सार्वजनिक किल्ली आणि डोमेनचे नाव एका अर्जात भरून, त्यावर खाजगी किल्लीने सही करून तो अर्ज प्रमाणन संस्थेकडे जातो. या अर्जाला सीएसआर म्हणतात. संस्था मग एकच गोष्ट तपासते: या नावावर अर्जदाराचा ताबा आहे का? ती एक सांकेतिक मजकूर देते आणि तो त्या साइटवर ठरलेल्या जागी किंवा डोमेनच्या डीएनएस नोंदीत ठेवायला सांगते. मजकूर तिथे सापडला की दाखल्यावर सही होते. अर्जदाराचा हेतू या साध्या दाखल्यासाठी कोणी विचारत नाही. म्हणून सातबाराच्या सरकारी साइटसारखे दिसणारे नाव विकत घेतलेल्या ठगालाही, त्या नावापुरता, अगदी अस्सल दाखला मिळतो. कुलुपाचा असा चुकीचा अर्थ लावला जातो हे ओळखूनच गूगलने 2023 मध्ये क्रोममधून ते चिन्ह काढून टाकले.

खाजगी किल्ली सर्व्हरबाहेर जाऊ न देणे हा या रीतीतला सर्वांत महत्त्वाचा नियम, पण तोही मोडला जातो. 2018 मध्ये ट्रस्टिको या विक्रेत्याने ग्राहकांच्या सुमारे 23,000 खाजगी किल्ल्या ईमेलने पाठवल्या. त्या मुळात त्याच्याजवळ असायलाच नको होत्या. डिजिसर्ट या प्रमाणन संस्थेला ती सगळी प्रमाणपत्रे रद्द करावी लागली.

ठगालाही मिळतो, तर मग दाखल्याचा उपयोग काय, असा उलट आक्षेप येतो. हाही टिकत नाही. मेळघाटात रेंज नसलेली गावे आहेत. तिथला माणूस धारणीला येऊन सेवा केंद्राच्या किंवा दुसऱ्याच्या हॉटस्पॉटवरून आधार क्रमांक आणि ओटीपी भरतो. दाखला नसेल तर वाटेतला कोणीही तो मजकूर वाचू शकतो, बदलूही शकतो. नुसती माहिती देणाऱ्या साइटलाही दाखला हवा, तो याचसाठी: अर्जाची लिंक वाटेतच बदलली, तर वाचणाऱ्याला पत्ता लागत नाही. पट्टीत दिसणाऱ्या नावाचाच सर्व्हर समोर बोलतो आहे, ही खात्री दाखलाच देतो, आणि त्यामुळेच नाव वाचण्याला अर्थ येतो. पत्त्यातल्या डोमेनचा शेवट ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ असा असेल तर ते नाव सरकारी संस्थेलाच मिळालेले असते. दाखला आणि नाव, दोन्ही मिळून काम करतात.

पैसे मोजून घेतलेला दाखला जास्त भक्कम, हे मत तर विक्रेत्यांच्या फायद्याचे आहे. 2015 पासून लेट्स एन्क्रिप्ट फुकट दाखले देते. त्यातले कूटलेखन महागड्या दाखल्याइतकेच मजबूत असते. महागड्या दाखल्यात फक्त अर्जदार संस्थेच्या नावाची पडताळणी जास्त होते, आणि क्रोम व फायरफॉक्सने ते नाव पट्टीत दाखवणे 2019 मध्येच थांबवले.

सरकारी शिक्का असला की प्रश्न संपला, असे मानणाऱ्यांनी जुलै 2014 आठवावा. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसी, याच्या प्रमाणन यंत्रणेतून गूगल आणि याहूच्या नावांचे अनधिकृत दाखले निघाले. गूगलला ते 2 जुलैला आढळले; प्रमाणन प्राधिकरण नियंत्रकांनी दुसऱ्याच दिवशी एनआयसीची मधली प्रमाणपत्रे रद्द केली. भारत सरकारचे मूळ प्रमाणपत्र मायक्रोसॉफ्टच्या विश्वासयादीत होते, म्हणून विंडोजवरच्या बहुतेक प्रोग्रामांना धोका होता. फायरफॉक्सची यादी वेगळी, तिच्यात ते नव्हतेच. ब्राउझर मूळ, मधले आणि साइटचे प्रमाणपत्र अशी साखळी तपासतो. तिच्यातली मूळ किंवा मधली एक कडी सैल झाली की कोणाच्याही नावाचा दाखला बनू शकतो. यावरचा खरा उपाय शिक्क्यात नाही, उघड नोंदीत आहे. 2018 पासून क्रोम नव्या दाखल्यांची सार्वजनिक नोंदवह्यांत नोंद झाल्याचा पुरावा मागतो. आपल्या नावाने परस्पर कोणी दाखला काढला का, हे डोमेनचा मालक तिथे स्वतः पाहू शकतो.

राहिला प्रश्न मुदतीचा. दाखला संपला की ब्राउझर इशारा देतो, आणि ‘ॲडव्हान्स्ड दाबा, पुढे जा’ असा सल्ला लगेच मिळतो. हा सल्ला घातक आहे. मुदत संपल्याचा इशारा असो की नाव न जुळल्याचा, सवयीने दोन्ही सारखेच ओलांडले जातात, आणि दुसऱ्यात समोर भलताच सर्व्हर असू शकतो. दोष मुळात नूतनीकरण विसरणाऱ्या कार्यालयाचा आहे. ते काम हाताने करण्याचे दिवसही सरत आले आहेत: 2025 मध्ये ठरलेल्या नियमानुसार दाखल्याची कमाल मुदत 398 दिवसांवरून टप्प्याटप्प्याने घटून 15 मार्च 2029 पासून 47 दिवस होईल, आणि एवढ्या थोड्या अंतराने अर्ज, पडताळणी व बदल सर्व्हरने आपोआप करणे हीच व्यवहार्य वाट उरते.