वाचकांचा कौल आणि बाजाराची मालकी
अमेरिकन लेखक अँडी वीअर यांना प्रथम ओळखले ते वाचकांनी. २००९ पासून त्यांनी ‘द मार्शियन’ ही कादंबरी प्रकरणाप्रकरणाने स्वतःच्या संकेतस्थळावर विनामूल्य दिली. वाचकांनी तिच्यातील शास्त्रीय चुका दाखविल्या. त्यांच्याच आग्रहावरून २०११ साली ती ९९ सेंटांचे ई-पुस्तक झाली. मोठी प्रकाशनसंस्था पुढे आली, ती लोकांनी कौल दिल्यानंतर, २०१४ साली. मराठीत साठच्या दशकात अनियतकालिकांनीही प्रस्थापितांची बंद दारे अशीच ओलांडली होती.

परंतु साधन खुले झाले, म्हणून त्याची मालकी लोकांकडे येत नाही. वाचकांच्या शिफारशींवर उभे राहिलेले ‘गुडरीड्स’ २०१३ साली अ‍ॅमेझॉनने विकत घेतले. त्याच कंपनीच्या किंडलवर भारतातील विक्रीचे ७० टक्के मानधन हवे असल्यास ई-पुस्तक अन्यत्र न देण्याची अट लेखकावर पडते; एरवी ३५ टक्केच.

१९६७ च्या कायद्याने महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालयांना अनुदानाचा आधार दिला. या ग्रंथालयांनी अपरिचित लेखकांची ई-पुस्तके घ्यावीत, वाचकमंडळे चालवावीत आणि शासनाने त्यासाठी तरतूद करावी, असा आग्रह कार्यकर्त्यांनी गावोगाव धरला पाहिजे. वाचकांची शिफारस ही सामाजिक संपत्ती आहे. ती बाजाराच्या हवाली होता कामा नये.